उपाशी सांधा

“मणी दिसले की थांबायचं, ठके. ओघळ येईपर्यंत पिळायचं नाही.”

मित्रांनो, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की मला तोंड असते तर मी ते झोपेतही बरळलो असतो. मणी कसले, ओघळ कसले आणि ही ठकी कोण, ते सगळे सांगतो. आधी माझी ओळख करून देतो.

मी एक जुना शिकंजा आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल, आणि त्यात तुमचा दोष नाही. तुम्ही खुर्चीवर बसता, बाकावर दप्तर आपटता, कपाटाचे दार धाडकन लावता. खुर्ची दिसते, बाक दिसतो, कपाट दिसते. जन्माच्या वेळी ज्याने त्यांना धरून ठेवले, तो मात्र दिसत नाही. लाकडाचे दोन तुकडे सरस लावून जोडले, की तो वाळेपर्यंत त्यांना दाबून धरायचे, हे माझे काम. सरस वाळला की मला सोडवतात आणि पुन्हा खुंटीवर अडकवतात. खुर्ची जाते गावभर मिरवायला. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. खोटे कशाला बोलू, थोडे वाटले. पण अभिमान त्याहून कितीतरी जास्त वाटला.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळूच्या साच्यात मला ओतले तेव्हा मी पाण्यासारखा पातळ होतो. आज माझ्याकडे बघून कोणाला पटायचे नाही! थंड झाल्यावर मला अर्धवट मिटलेल्या मुठीसारखा आकार आला. मग लेथवाल्याने माझ्या जाड स्क्रूवर आटे पाडले, त्याला आडवी दांडी बसवली आणि आट्यांवरून अंगठा फिरवत तो म्हणाला, “स्वच्छ आलेत. हा एकदा धरेल ते सोडायचा नाही.” आशीर्वाद म्हणा, हुकूम म्हणा, ते मी आयुष्यभर पाळले. एकदा जरा जास्तच पाळले, त्याचीच ही गोष्ट आहे.

तिथून मी आलो अण्णांच्या हार्डवेअरच्या दुकानात. कुलपे आणि बिजागऱ्या यांच्या मधोमध दोन महिने लटकलो. गिऱ्हाइके येत, मला उचलून बघत, “जड आहे हो,” म्हणत आणि परत लटकवत. मग एके दिवशी मिस्त्री आले. शिडशिडीत बांधा, कानावर पेन्सिल, बोलणे इतके हळू की ऐकायला पुढे वाकावे लागे. त्यांनी माझ्या जबड्यात स्वतःची करंगळी ठेवली आणि दांडी सावकाश फिरवली. करंगळीला माझा स्पर्श झाला तिथेच ते थांबले.

“घट्ट धरणारे पुष्कळ मिळतात, अण्णा,” ते म्हणाले. “हळू धरणारा हवा होता.”

“शिकंजा घेतोयस की जावई शोधतोयस?” अण्णा म्हणाले. अण्णांची जीभ म्हणजे त्यांच्याच दुकानातली कानस. पण माणूस मनाने वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अशा रीतीने मी मिस्त्रींच्या शेडमध्ये आलो. घराला लागूनच पत्र्याची शेड, एका बाजूला मोठी खिडकी, खिडकीखाली कामाचे लांबलचक टेबल. भिंतीवर प्रत्येक हत्याराची पेन्सिलने काढलेली आकृती होती. करवतीच्या जागी करवत, रंध्याच्या जागी रंधा. माझीही आकृती काढली गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, की या जगात आपली एक जागा आहे आणि ती रिकामी राहिली तर कोणाच्या तरी लक्षात येईल.

मिस्त्रींचा एक नेम होता. सकाळी पहिल्या कामाला हात लावायच्या आधी ते तेलाचे फडके घेत आणि भिंतीवरचे प्रत्येक हत्यार पुसत. एकामागून एक, काही न बोलता. ताप असला तरी पुसत. दाराशी गिऱ्हाईक खोळंबलेले असले, तर म्हणत, “उभं राहू दे दोन मिनिटं. यांचं आधी.” वर्षानुवर्षे त्या नेमात खंड पडला नाही. म्हणूनच माझ्या आट्यांवर गंजाचा ठिपका नव्हता.

मिस्त्रींना एकच मुलगी. लहानपणी ती रंध्याच्या सालींच्या ढिगावर तासन् तास लाकडी बाहुलीसारखी बसून राही, म्हणून तिची आई तिला ठकी म्हणू लागली. नाव चिकटले ते चिकटलेच, अगदी सरस लावल्यासारखे. आणि मला ‘मामा’ हे नाव दिले तेही ठकीनेच. तिचा खरा मामा घरी आला की तिचा गाल चिमटीत धरी आणि काही केल्या सोडत नसे. मला लाकूड धरून बसलेले पाहून ती म्हणाली, “बाबा, हा पण मामाच!” तेव्हापासून शेडमध्ये ‘शिकंजा दे’ असे कोणी म्हणत नाही. “मामाला बोलाव,” म्हणतात.

आता मण्यांचे सांगतो. लाकडाला लाकूड जोडायचे म्हणजे एकाला खाच पाडायची आणि दुसऱ्याच्या टोकाला त्या खाचेत नेमकी बसेल अशी जीभ काढायची. जीभ हाताने दाबली की आत गेली पाहिजे, तिने हातोडी मागता कामा नये. आणि लाकूड उलटे धरले तर ती आपण होऊन खाली पडताही कामा नये. मग दोन्हीकडे सरस लावायचा. पूर्वी दाणेदार सरस गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवत. त्याच्या वासाने ठकीची आई घराची दारे-खिडक्या लावून घेई. पुढे बाटलीतला पांढरा सरस आला आणि घरात शांतता नांदू लागली.

सरस लावला की माझी पाळी. माझ्या जबड्याचा वण उठू नये म्हणून मिस्त्री मधे लाकडाच्या दोन चकत्या ठेवत. मग दांडी अर्धा फेरा, पाव फेरा अशी फिरवत, आणि डोळे सांध्याच्या कडेवर. थोड्याच वेळात कडेने सरसाचे बारीक बारीक मणी उमटत, माळेत ओवावेत तसे एकसारखे. मणी दिसले की हात थांबला.

“अजून पिळू का बाबा? अजून जातोय की तो!” लहानगी ठकी दांडीला लोंबकळत विचारी.

“जाईल गं. पण सरस आत राहायला हवा ना? सगळा बाहेर काढलास तर धरणार कोण?” मिस्त्री म्हणत. “सांध्याला पोटभर लागतं. उपाशी ठेवला तर तो वरून धष्टपुष्ट दिसतो आणि आतून काही नाही.”

मग ते मणी ओल्या फडक्याने टिपत, माझ्याशेजारी टेबलावर खडूने वेळ लिहीत, आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ होईपर्यंत मला कोणी हात लावायचा नाही, असा दंडक. आणि ज्या वस्तूवर माणूस बसणार किंवा चढणार, तिला सरसाबरोबर स्क्रूसुद्धा. आधी गिरमिटाने बारीक भोक, नाहीतर लाकूड चिरते. मग स्क्रूला साबण घासायचा, म्हणजे तो न कुरकुरता आत जातो. “सरस आईसारखा, सगळ्या अंगानं धरतो,” मिस्त्री म्हणत. “स्क्रू बापासारखा, एकाच जागी, पण खोल. माणसाचं वजन पेलायचं तर दोघं हवेत.”

मित्रांनो, माझ्या जबड्यातून काय काय गेले म्हणून सांगू! शाळेचे बाक गेले. त्यांवर मुलांनी नावे कोरली, शाई सांडली, उड्या मारल्या, पण एकाचाही पाय हलला नाही. दवाखान्याच्या दाराची चौकट गेली. एक पाळणा गेला. त्यात झोपलेली मुलगी मोठी होऊन तोच पाळणा रंगवून घ्यायला आली, तेव्हा मिस्त्रींनी त्याचे चारही सांधे हलवून पाहिले आणि माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेपुढे मला सोन्याचा मुलामा दिला असता तरी मी नको म्हटले असते.

पुढे मिस्त्रींचे हात कापू लागले. आधी चहाचा कप वाजायचा, मग पेन्सिलची रेघ वाकडी जाऊ लागली. ज्या दिवशी करवत रेघ सोडून गेली, त्या दिवशी त्यांनी ती पुसून तिच्या आकृतीवर टांगली आणि कानावरची पेन्सिल काढून ठकीसमोर धरली. ठकी तेव्हा चांगली जाणती झाली होती. सांधा मारण्यात तिचा हात बापासारखाच बसला होता.

“शेड तुझी,” मिस्त्री म्हणाले. “फक्त एक शब्द दे. आपल्या सांध्यात खोट राहिली असं तुला कळलं, तर गिऱ्हाइकाला कळायच्या आधी तू त्याच्या दारात. तोंडानं सांगायचं. चिठ्ठी नाही, निरोप नाही.”

“आणि खोट राहिलीच नाही तर?” ठकी हसत म्हणाली.

“मग सोपंच आहे.”

“दिला शब्द,” ती म्हणाली आणि पेन्सिल कानावर खोवली. मी भिंतीवरून हे सगळे पाहत होतो. भिंतीवरच्या साक्षीदाराला कोणी साक्ष विचारत नाही. पण ऐकलेले त्याच्या लक्षात राहते.

पहिलेच काम आले ते वाचनालयातून. तिथल्या बाई अंगाने लहानशा. वरच्या फळीवरचे पुस्तक काढायचे तर खुर्ची, खुर्चीवर जाडजूड शब्दकोश आणि शब्दकोशावर त्या, असा त्यांचा रोजचा डोलारा. त्यांना तीन पायऱ्यांची लाकडी घोडी हवी होती. “मुलंही चढतील हं तिच्यावर,” त्या म्हणाल्या. “मी कितीही नको म्हटलं तरी चढतील. वरच्या फळीवर भुतांच्या गोष्टी आहेत ना!”

ठकीने सुरेख घोडी आखली. सांधे तर असे बसले, की मलाही वाटले, वा! मग ती अण्णांच्या दुकानात गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात नुसती सरसाची बाटली होती. तिचा चेहरा लाल झाला होता. मागोमाग अण्णाही आले, मिस्त्रींना भेटायच्या निमित्ताने.

“मिस्त्री, तुझ्या लेकीला समजाव बाबा. मी म्हटलं, दोन डझन स्क्रू घेऊन जा. पोरीच्या मनगटाचा पीळ तो, त्याला लोखंडाचा टेकू बरा. तर माझ्यावरच फणकारली!”

मिस्त्री आत पडून होते. त्यांना बरे वाटत नव्हते, त्यांनी काही ऐकले नाही. ठकी म्हणाली, “अण्णाकाका, माझ्या मनगटाची काळजी तुम्ही नका करू. एकही स्क्रू न मारता उभी करून दाखवते.”

“दाखव, दाखव. पडली की मला बोलव बघायला.”

अण्णा गेले, आणि ठकीने मला खुंटीवरून ओढूनच काढले. सांध्याला सरस लावला, मला बसवले, दांडी फिरवली. मणी दिसले. मला वाटले, आता थांबेल. ती थांबली नाही. “पोरीचं मनगट म्हणे!” असे पुटपुटत तिने दांडीत लोखंडी नळी घातली, दोन्ही हातांनी धरली आणि आणखी एक फेरा दिला. मग आणखी अर्धा. मण्यांचे ओघळ झाले, ओघळांची धार झाली, पांढरा सरस टेबलावरून खाली टपकू लागला. एक फडके भिजले, दुसरे भिजले. प्रत्येक सांध्याला तेच, कुठे मी, कुठे भिंतीवरचे माझे भाऊबंद.

आणि मित्रांनो, कबूल करतो, मला त्या वेळी मोठे शौर्य वाटत होते. इतक्या जोराने मी आजवर काहीच धरले नव्हते. लेथवाल्याचे शब्द माझ्या आट्यांत घुमत होते. लाकडाची कुरकुर मला ऐकू येत होती, आत कोरडे कोरडे लागत होते, तरी मी छाती फुगवून बसलो. मला वाटले, जेवढे घट्ट तेवढे चांगले. ठकी चुकली ती रागाच्या भरात. मी चुकलो तो अभिमानाच्या.

उरलेल्या लाकडातून तिने त्याच दिवशी, त्याच पिळाने, वडिलांना पाय ठेवायला एक बुटके स्टूल केले. त्यालाही स्क्रू नाही.

दुसऱ्या दिवशी घोडी उभी राहिली आणि बाई बघायला आल्या. सांध्यात केस शिरायला जागा नव्हती. ठकी म्हणाली, “बाई, आधी मी चढून दाखवते.”

“मिस्त्रींची मुलगी तू. मी काय तपासणार!” असे म्हणून बाई तुरुतुरु वर चढल्या आणि वरच्या पायरीवर टाचा उचलून दोनदा आपटल्या. “अगं, इथून तर मला माझं घर दिसेल!”

गल्लीतल्या लोकांनी कौतुक केले. अण्णांनी घोडीभोवती दोन चकरा मारल्या, एक पाय हलवून पाहिला आणि नाइलाजाने म्हणाले, “बरी आहे.” अण्णांचे ‘बरी’ म्हणजे दुसऱ्या कोणाचे ‘अप्रतिम’.

त्यानंतर ठकीकडे कामांची रीघ लागली. तिने झटपट लागणारे नवे क्लॅम्प आणले. वजनाला हलके, जबड्याला रबराची गादी, एका हाताने दाबले की झाले. मी जड, मला दोन हात लागत. एकदा मला घाईत टेबलाखाली ठेवले गेले, ते तिथेच राहिलो. शेजारी रंगाचा रिकामा डबा, वर कोळ्याचे जाळे. तिथून मला माझी आकृती दिसे. तिच्या जागी आता कॅलेंडर लटकत होते.

सकाळचा नेम एक दिवस राहिला. मग दोन दिवस राहिला. ठकी रोज म्हणे, “उद्या पुसते.” नेमाचे असेच असते, मित्रांनो. तो मोडल्याचा आवाज येत नाही. माझ्या आट्यांवर मात्र तांबूस ठिपके उमटू लागले. मिस्त्री दाराजवळच्या खुर्चीत बसत, पाय त्या बुटक्या स्टुलावर ठेवत आणि भिंतीकडे बघत.

असे दीड वर्ष गेले. हवा कोरडी पडली, लाकडे आकसू लागली. काल सकाळी ठकी दाराबाहेर एक फळी मोजत होती. मिस्त्री उठले. त्यांना वरच्या फडताळातली तेलाची बाटली हवी होती. मला वाटते, त्यांना नेम पुन्हा सुरू करायचा होता, कापत्या हातांनी का होईना. ते स्टुलावर चढले. बाटली हाताला लागली, आणि त्याच क्षणी स्टुलाचा पाय ‘टक्’ असा सुटला.

मिस्त्रींनी टेबलाची कड धरली म्हणून वाचले. कोपर खरचटले तेवढेच. बाटली मात्र फुटली आणि तेल वाहत वाहत टेबलाखाली माझ्यापर्यंत आले.

“बाबा!” ठकी धावत आली. “लागलं का? कशाला चढायचं? मला हाक मारता येत नव्हती?”

“मला काही झालं नाही गं,” मिस्त्री खुर्चीत टेकत म्हणाले. “तो पाय दे इकडे.”

तिने सुटलेला पाय त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला. सांध्याची जीभ जशीच्या तशी बाहेर आली होती, स्वच्छ, कोरडी, जणू आत्ताच तासलेली. सरसाचा मागमूस नाही. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि इतकेच म्हणाले, “उपाशी राहिला गं हा.”

ठकी पुढे वाकली. तिची नजर त्या कोरड्या लाकडावर खिळली होती. मग तिचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

“घोडी,” ती म्हणाली.

“त्याच दिवशीची?”

“त्याच दिवशीची. मामानंच धरली होती. असाच पीळ दिला होता मी. नळी घालून.”

“स्क्रू?”

तिने नकारार्थी मान हलवली.

“अण्णा बोलला होता ना तुला?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“तो दुसऱ्याच दिवशी मला सांगून गेला. म्हणाला, माझ्या तोंडामुळे पोरीनं स्क्रू घेतले नाहीत, तू बघ. मी बघितली घोडी, सांधे छान दिसले. मलाही कौतुकच वाटलं.” मिस्त्री थांबले. “मीही बाहेरूनच बघितलं, ठके.”

त्या दिवशी वाचनालय बंद होते. आठवड्याची सुट्टी. ठकी शेडमध्ये येरझारा घालू लागली. वाचनालयात नवीन वाचनकक्ष होणार होता, आणि त्याचे सगळे बाक ठकीकडून करून घ्यावेत असे बाईंनी वर लिहून पाठवले होते. याच आठवड्यात ते ठरणार होते. आता जाऊन कोणत्या तोंडाने सांगायचे, की मी दिलेली घोडी आतून पोकळ आहे?

“बाबा, मी काय म्हणते,” ती शेवटी म्हणाली. “उद्या जाते आणि पॉलिश करून देते म्हणून घोडी घेऊन येते. इथं आणून सांधे सोडवते, नीट सरस लावते, स्क्रू मारते. चार दिवसांत परत. कोणाला काही कळायचं कारण नाही. घोडी पण पक्की होईल.”

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले. मला वाटले, आता शब्दाची आठवण करून देतील. त्यांनी दिली नाही. “आण की,” ते हळूच म्हणाले. “पॉलिश चांगलं कर.” आणि सुटलेला पाय मांडीवर घेऊन बसून राहिले.

दुपारपर्यंत ठकीने एकही काम धड केले नाही. एक फळी दोनदा मोजून दोनदा चुकली. मग तिने झाडू घेतला, बाटलीच्या काचा गोळा केल्या आणि सांडलेले तेल पुसायला वाकली. वाकली आणि तिला मी दिसलो.

“मामा,” ती म्हणाली. “इथे आहेस होय तू?”

तिने मला बाहेर काढले. जाळे झटकले. दांडी फिरवून पाहिली, ती हलेना. ते सांडलेले तेल तिने फडक्याने टिपले आणि माझ्या आट्यांना चोळू लागली. एक एक आटा, खालपासून वरपर्यंत. तांबूस चुरा तिच्या बोटांना लागत होता. बराच वेळ गेला. दांडी कुरकुरली, अर्धा फेरा सरकली, आणि मग पूर्वीसारखी गरगर फिरली. ठकीने माझ्या जबड्यात स्वतःची करंगळी ठेवली आणि दांडी सावकाश फिरवली. स्पर्श झाला तिथेच ती थांबली. तिने वडिलांना असे करताना कधी पाहिले नव्हते. तो प्रसंग तिच्या जन्माआधीचा. करंगळी काढून न घेता ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

मग ती उठली. भिंतीवरचे कॅलेंडर काढले, माझी आकृती मोकळी केली आणि मला तिथे टांगले. आणि एकामागून एक प्रत्येक हत्यार खाली घेऊन पुसू लागली. मिस्त्री दारातून बघत होते. त्यांच्या मांडीवरचा हात त्या वेळी कमी कापत होता, असे मला वाटले. माझा भास असेल.

मित्रांनो, मी मोठा उपदेशक नाही. धरणे आणि सोडणे, एवढेच मला येते. पण एवढे मागतो: तुमच्या घरात कुठे टेबलाखाली, माळ्यावर माझ्यासारखा कोणी गंजत पडला असेल, तर त्याला एकदा तेलाचे बोट लावा. आणि एखादी गोष्ट फार घट्ट पिळावीशी वाटली, की ती वस्तूसाठी पिळतो आहोत का कोणाला तरी दाखवण्यासाठी, एवढे बघा. मणी दिसले की पुरे.

आज सकाळी ठकी लवकर उठली. हत्यारे पुसली, मग पिशवी भरायला घेतली. सरसाची बाटली, गिरमिट, साबणाचा तुकडा, लाकडाच्या दोन चकत्या. अण्णांचे दुकान उघडण्याआधीच ती त्यांच्या घरी जाऊन आली होती. स्क्रूची पुडी तिने सगळ्यात वर ठेवली.

“काय म्हणाला अण्णा?” मिस्त्रींनी विचारले.

“काही नाही. दोन डझन मागितले, तर तीन डझन दिले. म्हणाले, मी येऊ का बरोबर? मी म्हटलं, नको.”

“फोन केलास का बाईंना?”

“दहाच्या आत तिथं कोणी उचलत नाही. बाई पावणेदहाला येतात आणि आल्या आल्या वरची खिडकी उघडायला घोडीवर चढतात. त्या आधी मला दारात उभं राहायचंय.” ती थांबली. “आणि आपलं ठरलंय ना. तोंडानं सांगायचं.”

“पॉलिशचं काय?”

“पॉलिश नाही करत मी,” ठकी म्हणाली.

मिस्त्रींनी मान डोलावली. पाळण्याच्या वेळी डोलावली होती, अगदी तशी. फक्त या वेळी माझ्याकडे बघून नाही.

ठकीने मला खुंटीवरून काढले, फडक्यात गुंडाळले आणि पिशवीत ठेवले. मी जड आहे. पिशवीचा बंद तिच्या खांद्यात रुतला. हलके क्लॅम्प भिंतीवर होते, तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. बाहेर गल्लीत नुकतीच उन्हे उतरली होती आणि रस्ता अजून मोकळा होता. स्टुलाचा सुटलेला पाय तिने हातातच घेतला, बाईंना दाखवायला. मग शेडचे दार हळूच ओढून घेतले आणि चालू लागली.